आईवडिलांच्या देशासाठी बर्फावर: हौशी बॉबस्लेडपटूंविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळी ऑलिंपिक आलं की बॉबस्लेडच्या यादीत एखादं अनपेक्षित नाव दिसतं. नायजेरिया, आर्मेनिया, जमैका. मग ओळखीतले लोक विचारतात की तिथे बर्फ कुठे, ही माणसं आली कुठून, आणि जन्म अमेरिकेत असताना झेंडा दुसऱ्याच देशाचा कसा. ही उत्तरं मुख्यतः २०१८ च्या नायजेरियन संघाच्या आधाराने दिली आहेत, कारण या विषयातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न त्या एका संघाला स्पर्श करून जातो.

बॉबस्लेड म्हणजे नेमकं काय?

बर्फाच्या वळणावळणाच्या घसरगुंडीवरून स्टीलच्या पात्यांवर धावणारी, चारचाकीच्या टपासारखी दिसणारी स्लेड. ट्रॅक साधारण सव्वा ते दीड किलोमीटरचा आणि वेग ताशी १२० ते १५० किलोमीटर. इंजिन नाही. सुरुवातीचे सुमारे पन्नास मीटर खेळाडू स्लेड ढकलत पळतात, उड्या मारून आत बसतात आणि मग गुरुत्वाकर्षण काम करतं. पुरुषांच्या दोघांच्या आणि चौघांच्या शर्यती असतात. महिलांची दोघींची शर्यत २००२ मध्ये ऑलिंपिकमध्ये आली आणि एकटीने चालवायची मोनोबॉब २०२२ मध्ये.

पुढे बसते ती पायलट. तिच्या हातात दोन कड्या असतात, त्यांना जोडलेल्या दोऱ्यांनी पुढची पाती किंचित वळतात. मागे बसते ती ब्रेकवुमन. तिने डोकं गुडघ्यांत घातलेलं असतं, तिला वाटेत काहीच दिसत नाही. पाठीला बसणाऱ्या दाबावरून ती वळणं मोजते. ब्रेक लागतो तो अंतिम रेषा ओलांडल्यावरच, कारण त्याचे दाते बर्फ ओरबाडतात.

मग यात धावपटू का येतात?

कारण शर्यतीचा मोठा हिस्सा पहिल्या पाच-सहा सेकंदांत ठरतो. वर गमावलेला सेकंदाचा दहावा भाग खाली पोहोचेपर्यंत वाढतो, दुप्पट-तिप्पटही होतो. दीडशे किलोच्या वर वजनाचं धूड थंड पडलेल्या पायांनी, बर्फावर, जागच्या जागी हलवायचं आणि लगेच पूर्ण वेगाने पळायचं, हे काम शंभर मीटर किंवा अडथळ्यांच्या शर्यतीत घडलेल्या पायांना जमतं. अमेरिकेच्या लॉरिन विल्यम्सने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रिले संघात सुवर्ण मिळवलं आणि २०१४ च्या सोचीत बॉबस्लेडमध्ये रौप्य. बॉबस्लेड सुरू करून तिला तेव्हा जेमतेम एक मोसम झाला होता.

सुन अडिगनने तेच सोची पाहिलं आणि तिथून नायजेरियाची गोष्ट सुरू झाली.

नायजेरियाच्या त्या तिघी कोण?

सुन अडिगन, एन्गोझी ओन्वुमेरे आणि अकुओमा ओमेओगा. तिघी अमेरिकेत वाढलेल्या, तिघींचे आईवडील नायजेरियातून आलेले, आणि तिघी मुळात धावपटू. सुन शिकागोची. ती ह्यूस्टन विद्यापीठाकडून धावली, २०१० मध्ये शंभर मीटर अडथळ्यांत आफ्रिकेची विजेती झाली आणि २०१२ मध्ये लंडनला नायजेरियाकडून उतरली. म्हणजे हिरवा-पांढरा पोशाख तिने बर्फासाठी पहिल्यांदा घातला नव्हता. हा तपशील टीकाकार हमखास विसरतात.

निवृत्त व्हायच्या वयात तिच्या लक्षात आलं की बॉबस्लेडमध्ये आफ्रिका खंडाचा एकही संघ ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेला नाही. अमेरिकेच्या संघाबरोबर ढकलण्याचं काम करून तिने खेळ शिकून घेतला, मग पायलट व्हायचं ठरवलं आणि ओळखीतल्या दोन धावपटूंना गाठलं. सोबत कायरोप्रॅक्टिकचं, म्हणजे मणका आणि सांध्यांवर हाताने करायच्या उपचारांचं शिक्षण चालूच होतं. या सगळ्याला पगार नव्हता. हौशी शब्दाचा अर्थ इथे तोच घ्यायचा: दिवसा शिक्षण किंवा नोकरी, उरलेल्या वेळात व्यायामशाळा, आणि खर्चाला पदरमोड.

ह्यूस्टनमध्ये बर्फ कुठला? सराव कसा केला?

लाकडावर. मला या सगळ्या गोष्टीत हाच भाग सर्वांत जवळचा वाटतो, म्हणून जरा थांबून सांगते.

खरी स्लेड विकत घ्यायला पैसे नव्हते आणि घेतली असती तरी टेक्ससच्या उकाड्यात ती चालवायला ट्रॅक नव्हता. मग सुनने फळ्या, खिळे आणून गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने एक लाकडी स्लेड ठोकली. दिसायला ती ओबडधोबड पेटीच. पण ढकलायचा दांडा कमरेच्या उंचीला कुठे येतो, दोघींनी एकाच क्षणी कसं झुकायचं, आधी कोणी उडी मारायची, मागची आत बसताना तिचे पाय पुढचीच्या दोन बाजूंना कसे सरकतात, एवढं शिकायला ती पेटी पुरेशी होती. आत बसण्याची ही कसरत चुकली तर पळून कमावलेलं सगळं जातं. दहापट महागड्या स्लेडमध्येही ती तशीच चुकते.

त्या स्लेडचं नाव ‘मेफ्लॉवर’. कार अपघातात गेलेल्या बहिणीला घरात लाडाने ज्या नावाने हाक मारत, ते नाव सुनने त्यात गुंफलं होतं. संघ पुढे खऱ्या स्लेडमध्ये बसला, पण ओळख झाली ती या लाकडी पेटीमुळेच.

पैसा कुठून आला?

लोकांकडून. २०१६ च्या अखेरीस त्यांनी गोफंडमी या संकेतस्थळावर ७५ हजार डॉलरचं आवाहन केलं आणि ओळखीचे, अनोळखी, नायजेरियन, बिगरनायजेरियन अशा सगळ्यांनी मिळून वर्षभरात ते पूर्ण केलं. गोष्ट गाजल्यावर व्हिसा आणि अंडर आर्मर या कंपन्या पाठीशी आल्या. क्रम लक्षात घ्या. आधी फुटकळ देणग्या, मग शर्यती, मग बातम्या, आणि सगळ्यांत शेवटी प्रायोजक. उलट्या क्रमाने हे क्वचितच घडतं.

खर्च कशावर होतो, हेही विचारतात. दोघींच्या स्लेडची किंमत चांगल्या मोटारीइतकी असते. पात्यांचे जोड वेगळे घ्यावे लागतात, कारण थंडी आणि बर्फाचा कडकपणा पाहून पाती बदलतात. मग ती अवजड स्लेड एका ट्रॅकहून दुसऱ्या ट्रॅकला नेण्याचं भाडं, ट्रॅकवर दर फेरीचे पैसे, प्रशिक्षक, विमा, राहणं. श्रीमंत देशांच्या संघांबरोबर पाती घासायलाच वेगळा माणूस असतो. छोट्या संघात खेळाडूच रात्री हॉटेलच्या खोलीत पॉलिशपेपर घेऊन बसतात. त्या पात्यांवर नियमही कडक आहेत. पाती गरम केली तर ती जास्त घसरतात, म्हणून शर्यतीआधी ट्रॅकवर टांगलेल्या एका नमुना पात्याच्या तापमानाशी त्यांचं तापमान ताडून पाहतात. चार अंशांहून जास्त गरम निघालं तर संघ बाद.

ऑलिंपिकचं तिकीट त्यांना सहज मिळालं का?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. बर्फ नसलेल्या देशाने अर्ज केला, आयोजकांना कौतुक वाटलं आणि बोलावलं, असं होत नाही.

आधी देशात त्या खेळाची संघटना हवी. नायजेरियात ती नव्हती. २०१६ मध्ये सुनने पुढाकार घेऊन बॉबस्लेड आणि स्केलेटन (पालथं पडून डोकं पुढे करून घसरण्याचा खेळ) यांची संघटना उभी केली, ती आंतरराष्ट्रीय महासंघाशी जोडून घेतली आणि नायजेरियाच्या ऑलिंपिक समितीचा पाठिंबा मिळवला. त्यानंतर पायलटला वेगवेगळ्या तीन ट्रॅकवर मिळून पाच शर्यती पूर्ण करायच्या होत्या. त्यांनी त्या उटामधल्या पार्क सिटी आणि कॅनडातल्या व्हिसलर व कॅल्गरी इथे पूर्ण केल्या. पाचवी शर्यत नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली. क्रमवारीची अटही होती. ज्या खंडाचा एकही संघ नाही त्याला एक जागा मिळू शकत होती, पण तीसुद्धा क्रमवारीत ठरावीक मर्यादेच्या आत असलेल्यालाच. म्हणजे दार मुख्यच होतं. त्या दारापर्यंतचा रस्ता मात्र या तिघींना स्वतः बांधावा लागला, आणि तो कागदपत्रांचा रस्ता बर्फाच्या रस्त्यापेक्षा सोपा नव्हता.

जन्म अमेरिकेत, मग नायजेरियाकडून खेळता कसं येतं?

ऑलिंपिक सनदेचा ४१ वा नियम सांगतो की खेळाडू ज्या देशाकडून उतरतो त्याचा तो नागरिक असला पाहिजे. दोन नागरिकत्वं असतील तर कुठल्या देशाकडून खेळायचं ते निवडता येतं. एकदा एका देशाकडून खेळल्यावर देश बदलायचा असेल तर साधारणपणे तीन वर्षं थांबावं लागतं. संबंधित समित्यांनी संमती दिली तर ही मुदत कमी होते.

नायजेरियाच्या १९९९ च्या राज्यघटनेनुसार आई किंवा वडील नायजेरियन नागरिक असतील तर परदेशात जन्मलेलं मूलही जन्मतः नायजेरियन नागरिक ठरतं, आणि अशा माणसाला दुसरं नागरिकत्व ठेवायला आडकाठी नाही. या तिघींनी नागरिकत्व विकत घेतलं नाही की कोणी त्यांना ते बक्षीस दिलं नाही. ते त्यांचंच होतं.

कागद नसले तर काय होतं त्याचीही उदाहरणं आहेत. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये पोर्तो रिकोच्या बॉबस्लेड संघातल्या एका खेळाडूचा तिथला रहिवास सिद्ध होईना, आणि संघाला शर्यतीतून माघार घ्यावी लागली. अगदी अव्वल खेळाडूंनाही यातून सूट नाही. कॅनडासाठी दोन सुवर्णपदकं जिंकलेल्या केली हम्फ्रीजला अमेरिकेकडून ऑलिंपिक खेळायचं होतं. तिला डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे खेळांच्या तोंडावर नागरिकत्व मिळालं आणि मग तिने मोनोबॉबचं पहिलं सुवर्ण जिंकलं.

पण मनाने त्या नायजेरियन होत्या का? की ऑलिंपिक खेळायला मिळावं म्हणून झेंडा धरला?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक वेळा उत्तर ठरवूनच विचारतात. तरी उत्तर देते, कारण प्रश्न महत्त्वाचा आहे.

२०१८ च्या प्योंगचांगमधली महिलांची ती शर्यतच घ्या. सुवर्ण मिळालं जर्मनीच्या मारियामा जमांकाच्या स्लेडला. ती बर्लिनची, तिचे वडील गांबियाचे. ती जन्मभूमीकडून खेळली. जमैकाची पायलट जॅझ्मिन फेनलेटर-व्हिक्टोरियन न्यू जर्सीत वाढली, २०१४ मध्ये अमेरिकेकडून उतरली आणि नंतर वडिलांच्या जमैकाकडे गेली. तिच्या मागे बसलेली कॅरी रसेल जमैकात जन्मलेली. कॅनडाच्या कांस्य जिंकणाऱ्या स्लेडमध्ये फिलिशिया जॉर्ज होती. तीही सुनसारखीच लंडनमध्ये शंभर मीटर अडथळ्यांत धावली होती. एकाच बर्फावर एवढ्या तऱ्हेची घराणी. यातलं कोण खरं आणि कोण उपरं हे कोणत्या मापाने ठरवायचं?

स्थलांतरित आईवडिलांच्या घरात वाढलेल्या मुलाला दोन्ही देश आपले वाटू शकतात. आपल्याकडे हे समजायला कठीण जाऊ नये. न्यू जर्सीत वाढलेली मुलगी मंडळाच्या गणेशोत्सवात लेझीम खेळते आणि दुसऱ्या दिवशी शाळेत अमेरिकेचं राष्ट्रगीत म्हणते. दोन्ही वेळा ती मनापासूनच असते. ज्या देशात त्या खेळाची संघटनाही नव्हती त्याच्यासाठी सुनने ती उभी केली. सोय पाहणारा माणूस इतक्या खस्ता खात नाही. अमेरिकेच्या संघात मागे बसून पदकाची आशा धरणं तिला त्याहून सोपं गेलं असतं.

जमैकाची गोष्ट हीच ना?

जवळची, पण वेगळी. १९८८ च्या कॅल्गरी ऑलिंपिकमधले डडली स्टोक्स, डेव्हन हॅरिस, मायकेल व्हाइट आणि ख्रिस स्टोक्स हे जमैकातच वाढलेले होते, आणि संघाची कल्पना बेटावर राहिलेल्या दोन अमेरिकनांची. तिथे उतारावरच्या हातगाड्यांच्या शर्यती पाहून त्यांना ती सुचली होती. चौघांची स्लेड उलटली, ते चालत अंतिम रेषेपर्यंत गेले आणि जगाने टाळ्या वाजवल्या. नंतरच्या सगळ्या छोट्या संघांना त्या प्रतिमेचा फायदाही झाला आणि त्रासही. फायदा हा, की लोक दखल घेतात. त्रास हा, की लोक आधीच हसायला लागतात.

मूळ देशाकडून खेळण्याची बाब जमैकात नंतर आली, फेनलेटर-व्हिक्टोरियनसारख्या खेळाडूंमुळे. २०१८ मध्ये खेळ सुरू असतानाच त्यांची जर्मन प्रशिक्षक बाहेर पडली आणि स्लेड कोणाच्या ताब्यात राहणार यावरून घोडं अडलं. तेव्हा जमैकातल्या रेड स्ट्राइप या बिअर कंपनीने स्लेडसाठी पैसे देऊ केले. छोट्या संघाचं सगळं किती बारीक धाग्यावर लटकलेलं असतं ते यातून कळतं.

आर्मेनियाचं काय?

ज्यांना ‘मूळ देशासाठी’ या शब्दांचं वजन पाहायचं आहे त्यांनी आर्मेनियाकडे पाहावं. सोव्हिएत संघ फुटल्यावर १९९१ मध्ये आर्मेनिया स्वतंत्र झाला. १९८८ च्या भूकंपाने आधीच कंबर मोडली होती, त्यात युद्ध आणि नाकेबंदी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या हिवाळ्यांत येरेवानमधल्या घरांना दिवसातून जेमतेम एक-दोन तास वीज मिळायची. अशा देशाच्या तिजोरीत बर्फावरच्या खेळासाठी काय असणार?

तरीही १९९४ च्या लिलहॅमर खेळांत, स्वतंत्र देश म्हणून पहिल्याच हिवाळी ऑलिंपिकमध्ये, आर्मेनियाची बॉबस्लेड उतरली. त्यात अमेरिकेत वाढलेले दोन आर्मेनियन होते, केन टोपालियन आणि जो अल्मासियन.  १९१५ च्या नरसंहारानंतर जगभर विखुरलेल्या समाजाच्या नातवंडांनी, आजोबांना कधी पाहायला न मिळालेल्या स्वतंत्र देशाचा झेंडा नॉर्वेच्या बर्फावर नेला. त्यांचा क्रमांक खालचाच आला. १९९८ मध्ये नागानोला अल्मासियन पुन्हा गेला, या वेळी डॅन जंजिगियनबरोबर.

प्योंगचांगला नायजेरियाचा क्रमांक काय आला?

शेवटचा. अडिगन आणि ओमेओगा यांनी २० आणि २१ फेब्रुवारी २०१८ ला चारही फेऱ्या पूर्ण केल्या आणि त्या सगळ्यांच्या मागे राहिल्या. ओन्वुमेरेने उद्घाटनाला झेंडा धरला होता. नायजेरियाचं हे पहिलंच हिवाळी ऑलिंपिक.

यावर “मग गेल्या कशाला” म्हणणाऱ्यांना एवढंच विचारावंसं वाटतं की पंधरा-पंधरा वर्षं ट्रॅकवर घालवलेल्या पायलट पुढे असणार नाहीत तर कोण असणार? प्रत्येक वळणाला स्लेड भिंतीवर किती वर जाऊ द्यायची आणि कधी खाली आणायची हे हाताला कळायला शेकडो फेऱ्या लागतात. सुनकडे दोनच मोसम होते. प्योंगचांगच्या सोळा वळणांतून चार वेळा स्लेड सरळ उभी खाली आणणं हे त्या अनुभवाच्या मानाने मोठं काम आहे.

हे धोकादायक नाही का?

आहे. वळणात शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या चार-पाच पट दाब येतो. स्लेड उलटली तर हेल्मेट बर्फावर घासत जातं आणि बर्फामुळेही भाजतं. फेब्रुवारी २०१० मध्ये व्हिसलरच्या ट्रॅकवर जॉर्जियाचा नोदार कुमारिताश्विली ल्यूजच्या, म्हणजे उताणं पडून पाय पुढे करून घसरण्याच्या खेळाच्या सरावात मरण पावला. पात्रतेसाठी शर्यती पूर्ण करण्याची अट यासाठीही आहे. नवख्यांना अडवण्यापेक्षा त्यांना जिवंत ठेवणं हा तिचा मोठा हेतू. वारंवार डोक्याला बसणाऱ्या हादऱ्यांबद्दल आता या खेळात उघडपणे बोललं जातं, आणि नव्या संघांनी हा विषय प्रशिक्षकाशी पहिल्याच दिवशी काढावा.

नंतर नायजेरियात हा खेळ रुजला का?

हवा तसा नाही. २०१८ मध्येच सिमिडेले अडेआग्बो स्केलेटनमध्ये नायजेरियाकडून उतरली. टोरांटोत जन्मलेली, बालपण नायजेरियात आणि पुढचं अमेरिकेत, तिहेरी उडीतली खेळाडू आणि तेव्हा जोहान्सबर्गला नोकरीला. बॉबस्लेड संघाची बातमी वाचून ती आली आणि आफ्रिकेची पहिली ऑलिंपिक महिला स्केलेटनपटू ठरली. म्हणजे एका संघामुळे दुसरी खेळाडू उभी राहिली, हे खरं फलित. पण २०२२ च्या बीजिंगला नायजेरियाची एकही स्लेड नव्हती.

ही या संघांची दुखरी बाजू आहे आणि ती लपवू नये. सगळा भार एक-दोन माणसांच्या उमेदीवर असतो. त्या माणसांनी शिक्षण, नोकरी, संसार यांकडे वळायचं ठरवलं की संघटना कागदावर उरते. देशातल्या ऑलिंपिक समितीने खेळ गाजत असतानाच पुढच्या खेळाडूंची सोय लावली पाहिजे. सत्कार आणि छायाचित्रं झाल्यावर फार उशीर होतो.

भारताकडून असं कोणी खेळलं आहे का?

बॉबस्लेडमध्ये भारताचा ऑलिंपिक संघ झालेला नाही. पण याच ट्रॅकवरच्या ल्यूज या खेळात शिवा केशवन होता. मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा, वडील केरळचे आणि आई इटलीची. १९९८ मध्ये सोळाव्या वर्षी तो नागानोत उतरला आणि २०१८ पर्यंत सलग सहा हिवाळी ऑलिंपिक खेळला. हिमालयातल्या डांबरी रस्त्यावर स्लेडला चाकं लावून, ट्रक आणि मेंढरांच्या कळपांतून वाट काढत तो सराव करायचा. आईच्या देशात या खेळाची जुनी परंपरा आणि ट्रॅक, पण तो खेळला भारताकडून. २०१४ ला भारतीय ऑलिंपिक संघटनेवर बंदी असल्याने सोचीत त्याला तिरंग्याविना उतरावं लागलं. बंदी उठली ती त्याची शर्यत झाल्यावर दोनच दिवसांनी.

अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या मराठी मुलांना भारताकडून बॉबस्लेड खेळता येईल?

त्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर येईल. तिथला पासपोर्ट असेल तर, नायजेरियन मुलांना जी सोय आहे ती आपल्या मुलांना नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाला आपण घरी नागरिकत्व म्हणत असलो तरी ते दीर्घ मुदतीचा व्हिसाच आहे. ऑलिंपिक सनदेच्या दृष्टीने ओसीआयधारक भारताचा नागरिक नाही. शिवाय २००८ पासून केंद्र सरकारचं धोरणही स्पष्ट आहे की राष्ट्रीय संघात भारतीय पासपोर्टधारकच हवा. टेनिसपटू विजय अमृतराज यांचा मुलगा प्रकाश डेव्हिस करंडकात भारताकडून खेळत होता. अमेरिकी पासपोर्टमुळे त्याची ती वाट या धोरणाने बंद झाली.

एक मार्ग उरतो, परदेशी नागरिकत्व सोडून भारतीय होण्याचा. ओसीआय म्हणून पाच वर्षं नोंद आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य, अशी त्याची सर्वसाधारण अट आहे. फुटबॉलमध्ये हे घडलेलं आहे. पुणे एफसीकडून खेळलेल्या अराता इझुमीने जपानी नागरिकत्व सोडलं आणि तो भारताकडून उतरला. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रायन विल्यम्सने तसंच केलं. त्याची आई मुंबईची, आणि आजोबा संतोष करंडकात मुंबईकडून खेळलेले.

फुटबॉलपटूला इथे राहून व्यवसाय करता येतो. बॉबस्लेडपटूने मात्र नेमकं जिथे ट्रॅक नाही तिथे वर्षभर राहायचं, आणि मग व्हिसा काढून सरावाला परत अमेरिकेत जायचं. माझं मत असं की केवळ आंतरराष्ट्रीय स्पर्धांपुरता ओसीआयधारकांसाठी काही मार्ग काढण्याचा विचार क्रीडा मंत्रालयाने करावा, निदान ज्या खेळांत देशात कोणाची जागा हिरावली जात नाही त्या खेळांत तरी. क्रिकेटच्या संघात जागेसाठी रांग आहे. बॉबस्लेडच्या रांगेत कोणीही नाही. अर्थात सनदेत नागरिकत्वाचीच अट असल्याने ऑलिंपिकसाठी नागरिकत्वाचा कायदाच बदलावा लागेल, आणि ते एका खेळासाठी होणार नाही.

मुलीला खरंच करून पाहायचं आहे. सुरुवात कुठून करावी?

धावण्यापासून. तीस मीटर झपाट्याने पळणं, जागेवरून लांब उडी, वजन उचलणं, गोळा फेकणं, याच गोष्टी अमेरिकेच्या निवड चाचण्यांत पाहतात. चाचण्या जमिनीवर होतात, बर्फाचा अनुभव लागत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी मोनोबॉब चांगली, कारण साथीदार शोधावा लागत नाही आणि स्लेड सगळ्यांना सारख्याच असतात. युवा ऑलिंपिकमध्ये ती २०१६ पासून आहे. भारतात ट्रॅक नाही. आशियात दक्षिण कोरियातला प्योंगचांगचा आणि चीनमधला यानचिंगचा आहे. मुलगी पुण्यात असेल तर आत्ता तिला धावण्याचा चांगला प्रशिक्षक मिळवून द्या, तेवढं पुरे.

अमेरिकेत असाल तर लेक प्लॅसिड आणि पार्क सिटी इथे सामान्य लोकांनाही तिकीट काढून अनुभवी पायलटच्या मागे बसता येतं. वय, उंची आणि तब्येतीच्या अटी आधी वाचा. मानेचं किंवा पाठीचं दुखणं असेल तर बसू नका. आणि जाताना पोटभर जेवून जाऊ नका.